‘लंडन मेड’ पाइप आणि लकडगंजचं सागवान

तीन वर्षांपूर्वी नागपुरात एका जुन्या सामानाच्या ढिगात, गंजका स्टोव्ह आणि काटे नसलेलं घड्याळ यांच्या मधे, मला एक पाइप दिसला. विकणारा म्हणाला, “घ्या ना भाऊ, लंडनचा माल आहे, साहेबाचा.” पाइपाच्या मानेवर खरंच ‘लंडन मेड’ कोरलेलं होतं. बाराशेपासून सुरू झालेली घासाघीस तीनशेवर थांबली. घरी येऊन दांडी काढून पाहिली, तर मान आतून चिरलेली. चीर इतकी बारीक की नखाला लागावी, पण डोळ्यांना दिसू नये. त्या पाइपाखाली सध्या माझी विजेची बिलं दबलेली असतात. पण त्या तीनशे रुपयांनी मला पाइप बघायला शिकवलं.

नागपुरात असे पाइप निघतात, यात नवल नाही. कामठीची छावणी १८२१ सालची. १८६१मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढे बंगाल नागपूर रेल्वे आली, सिव्हिल लाइन्सचे बंगले उभे राहिले, १९३६मध्ये हायकोर्ट आलं. पाइप आधी साहेबाच्या तोंडात होता, मग वकिलाच्या, मग प्राध्यापकाच्या. आता त्या बंगल्यांच्या फ्लॅट स्कीम होतात, कपाटं रिकामी होतात आणि टायपिन, चष्म्याच्या डब्या, पाइप असं सगळं एकाच पोत्यात भंगारात येतं. त्यामुळे कमी पैशांत चांगला पाइप इथे मिळू शकतो. अडचण येते ती आपल्या डोक्यात बसलेल्या समजुतींची.

आधी शब्द ठरवून घेऊ. तंबाखू भरायची ती वाटी. वाटीतून निघते ती मान. मानेत बसवलेला, दातांत धरायचा काळा तुकडा म्हणजे दांडी.

पहिला गैरसमज शिक्क्यांचा. ‘लंडन मेड’ हे कंपनीचं नाव नव्हे. अनेक इंग्रज कारखाने बिननावी किंवा दुय्यम मालावर हा शिक्का मारत. ‘इम्पोर्टेड ब्रायर’ म्हणजे लाकूड आयात केलेलं, पाइप नव्हे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ‘ब्रुयेर’ नावाच्या फ्रेंच कंपनीचे पाइप जमवतात. त्यांच्याकडे असे सात आहेत आणि सातही वेगवेगळ्या कारखान्यांचे. ब्रुयेर म्हणजे ज्या झुडपापासून पाइप होतो त्याचं फ्रेंच नाव. सागवानी खुर्चीवर ‘सागवान’ लिहावं, तसला हा प्रकार. त्यांना हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

मानेवरच्या चकचकीत कड्याला चांदी समजू नका. त्यावर ‘ई.पी.’ अशी अक्षरं असतील तर तो नुसता मुलामा. सिंह आणि इतर छाप असलेली चांदी खरी असू शकते, पण तशा दिसणाऱ्या नकली खुणा गिलटाच्या कड्यांवरही सर्रास मारल्या जात. दांडीवर पांढरा ठिपका दिसला की लोक ‘डनहिल’ म्हणतात. डनहिलने तो ठिपका दांडीची वरची बाजू कळावी म्हणून लावायला सुरुवात केली, पण ठिपका लावायला कुणाची परवानगी लागते? शिक्क्याचा खरा उपयोग काळ ओळखायला होतो. पीटरसनच्या पाइपावर ‘आयरिश फ्री स्टेट’ असेल तर तो १९२२ ते १९३७ या काळातला, कारण त्या नावाचं राज्य तेवढीच वर्षं होतं. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल तर १९४९ नंतरचा.

मग बघायचं काय? आरपार बघायचं. दांडी हळूच फिरवून काढा (पाइप गरम असताना कधीही नाही, मान फुटते) आणि मानेत उजेड धरा. धूर जाण्याचं छिद्र वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध उघडायला हवं. ते तळाच्या वर असेल तर खालची तंबाखू ओली होऊन न जळता उरते आणि ओढताना गुळगुळ आवाज येतो. तळाच्याही खाली गेलं असेल तर राख तोंडात येते. छिद्राचा व्यास साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असावा. दांडीतून फुंकलं तर हवा मोकळी गेली पाहिजे. हे सगळं जमलेला बिननावी पाइप, छिद्र चुकलेल्या नामवंत पाइपापेक्षा चांगला चालतो. नावाचे पैसे धुराला कळत नाहीत.

दुसरी समजूत लाकडाची. “एवढं काय, लकडगंजात कोणाहीकडून सागवानाचा करून घेऊ,” असं मला एका मित्राने सुचवलं होतं. लकडगंज या नागपूरच्या लाकूडबाजारातल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही, शंका सागवानाची आहे. ते तेलकट लाकूड. तापलं की त्याचा वास धुरात उतरतो. शिवाय पाइपाला फांदीचं किंवा खोडाचं लाकूड चालतच नाही असं नाही, पण टिकतं ते ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जमिनीत एक गाठ तयार होते. दुष्काळात आणि वणव्यात झाड तगावं म्हणून झालेली ती गाठ घट्ट असते, ओल शोषते आणि सहजी पेट घेत नाही. ती खणून, कापून, तासन् तास उकळून आतला चीक काढतात आणि महिनोन् महिने सुकवतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या सेंट-क्लोद या गावात या लाकडाचे पाइप होऊ लागले आणि मातीचे पाइप मागे पडत गेले.

हस्तकलेच्या प्रदर्शनांत शिसवीचे कोरीवकाम केलेले पाइप मिळतात. ते भेट द्यायला छान. ओढायचे म्हटलं तर वाटी आतून बघा. आतपर्यंत चकचकीत व्हार्निश असेल तर पहिल्याच दिवशी ते जळणार आणि त्याचा धूर तुम्ही घेणार. संत्र्याच्या लाकडाचा पाइप कुणी नागपूरकराने करून बघितला तर मला मात्र बघायला आवडेल. फळझाडांची लाकडं, चेरी आणि पेअर, युरोपात पाइपासाठी वापरली गेलीच आहेत.

“गुळगुळीत तो भारी, खडबडीत तो हलका” ही तिसरी समजूत. यात काटकसर करणाऱ्याचा खरा फायदा लपला आहे. ब्रायरच्या गाठीत निसर्गतःच खडे आणि पोकळ्या असतात. पृष्ठभाग निर्दोष असलेला तुकडा दुर्मिळ, म्हणून महाग. किरकोळ दोष असलेल्या तुकड्यावर कारखाना वाळूचा झोत मारतो किंवा खरवडतो आणि कमी भावात विकतो. लाकूड तेच, छिद्र तेच. काही गुळगुळीत पाइपांवर छोट्या खाचांत लांबी भरलेली असते, जशी सुतार दारात भरतो. ती बाहेरच्या अंगाला असेल तर धुराला काही फरक पडत नाही. दिसायला आवडत नसेल तर तेवढ्याच कारणाने भाव पाडून घ्या.

आता जुन्या, वापरलेल्या पाइपाबद्दल. “शी, दुसऱ्याच्या तोंडातला!” ही प्रतिक्रिया मला समजते, पण हॉटेलातला चमचा तरी कुणाच्या तोंडातला नसतो का? पाइप स्वच्छ करता येतो. औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, वाटीत कापूस भरा, तो अल्कोहोलने भिजवा आणि रात्रभर ठेवा. विदर्भात कापसाला तोटा नाही. सकाळी कापूस चहासारखा तपकिरी झालेला असतो. कापूस पांढरा राहीपर्यंत हे पुन्हा करायचं. जुन्या पुस्तकांत कापसाऐवजी मीठ सांगतात, पण मीठ मानेत शिरून लाकूड फाडू शकतं. नळी साफ करायला सुती पाइप क्लीनर हवेत. शाळेच्या हस्तकलेसाठी सीताबर्डीवर जे रंगीत लोकरी तारांचे तुकडे मिळतात ते त्याच नावाने विकले जातात, पण ते नायलॉनचे असतात आणि काही शोषत नाहीत. मी एक पाकीट वाया घालवलं, तुम्ही घालवू नका.

वाटीच्या आतली काजळी हा वादाचा विषय आहे. “जितकी जाड, तितका पाइप मुरलेला,” असं म्हणणारे बिडाच्या तव्याचा दाखला देतात. तव्यावर तेलाचा पातळ थर बसतो, बोटभर खापा नव्हे. पाइपाचंही तसंच. मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा कार्बनचा थर लाकडाला ज्वालेपासून वाचवतो. तो त्याहून वाढला तर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या दराने फुगतो आणि वाटीलाच तडा जातो. जुना पाइप घेताना आतली जाड काजळी हे वयाचं लक्षण समजा, गुणाचं नाही. ती हळूहळू खरवडून पातळ करा आणि मगच वाटीला तडा आहे का ते बघा. काजळीखाली तडे छान लपतात. बाहेरून वाटीवर एखादी जागा काळपट आणि तापल्यासारखी दिसली तर तिथे लाकूड आतून जळत आलंय. तो पाइप कितीही स्वस्त मिळत असला तरी परत ठेवून द्या.

काळी दांडी हिरवट-तपकिरी झाली असेल तर घाबरू नका. ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. ऊन आणि ओल लागली की तिचा पृष्ठभाग विटतो. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि जुलैत भिंतींना घाम येतो, अशा गावात ती विटणारच. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मिळणारा बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला की काळेपणा परत येतो. दांडीवर छाप असेल तर तेवढी जागा सोडा, नाहीतर तुमच्या हाताने त्याची किंमत घासून जाईल. दांडी मुळीच विटलेली नसेल तर ती अॅक्रिलिकची असू शकते. ती विटत नाही, पण दातांना कडक लागते.

पांढऱ्या दगडी पाइपाला ‘मीरशाउम’ म्हणतात. हा जर्मन शब्द, अर्थ समुद्राचा फेस. म्हणून काहींना वाटतं, काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस तोच. तो तर माकुळाच्या पोटातलं कवच. मीरशाउम हे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरजवळ खणून काढलेलं सेपिओलाइट नावाचं खनिज. स्वस्तातले ‘मीरशाउम’ बऱ्याचदा चुऱ्याचे दाबलेले किंवा चक्क राळेचे असतात. कमी पैशांत या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

त्यापेक्षा मक्याच्या कणसाचा पाइप बरा. “तो शेतकऱ्याचा, फेकून द्यायचा,” असं म्हणतात, पण अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात १८६९पासून हे पाइप बनतात आणि जनरल मॅकआर्थर तोच ओढत असे. दाणे काढलेली कणसं दीर्घकाळ वाळवून केलेला हा पाइप तिथे अगदी स्वस्त आहे. इथे येईपर्यंत मात्र टपालखर्च आणि कर त्याच्या अंगावर चढतात. पाइपांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला आहे.

“महाराष्ट्रात हे सगळं बंदच आहे ना?” असंही विचारतात. गुटखाबंदी २०१२ची, हुक्का पार्लरवरची बंदी २०१८ची, ई-सिगारेटवरची देशभरातली बंदी २०१९ची. पाइप यांपैकी कशातच येत नाही. मात्र २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी पाइप ओढणं हे सिगारेट ओढण्याइतकंच दंडनीय आहे. अठराच्या आतल्यांना तंबाखू विकता येत नाही. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांतही विकता येत नाही, हे काही पानठेलेवाले सोयीने विसरतात.

आणि आता नागपुरातला, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणाऱ्यांचा, सर्वांत घातक गैरसमज, “खर्रा सोडतो आणि पाइप धरतो, सुटका होईल.” पाइपाचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निर्धोक, असा यामागचा हिशेब. धूर तोंडातच ठेवला तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं आणि व्यसन चालूच राहतं. पाइपाने ओठ, जीभ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. खर्र्यातल्या सुपारीने आणि चुन्याने आधीच सोललेल्या तोंडात वरून गरम धूर सोडणं म्हणजे भाजलेल्या जागी चटका देणं. तोंड उघडताना तीन बोटं आत जात नसतील तर पाइपाच्या दुकानाआधी दंतवैद्याकडे जा. मी स्वतः जुने पाइप साफ करतो, उजळवतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. ओढणं डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वी बंद केलं.

शेवटी चिलीम. “चिलीम म्हणजे गरिबाचा पाइप,” हे अर्धंच खरं. दोन्हींची रचनाच वेगळी. चिलीम सरळ, उभी, निमुळती. आत खडा टाकायचा, खाली ओली छापी, म्हणजे फडकं, धरायची आणि दांडीशिवाय मुठीतून ओढायची. विदर्भात चिलीम म्हटलं की शेगाव आठवतं. अक्षय तृतीयेला जानकीराम सोनाराने विस्तव द्यायला नकार दिला आणि गजानन महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय पेटली, ही कथा इथे लहान मुलालाही ठाऊक असते. वस्तू म्हणून तिचा गुण असा की भाजलेल्या मातीला स्वतःची चव नसते आणि ती कळकट झाली तर चुलीत टाकून पुन्हा कोरी करता येते. ब्रायरचे पाइप येण्याआधी युरोपातले मातीचे पाइपही असेच आगीत टाकून साफ करत.

मागच्या महिन्यात एका कुंभाराकडे माठ घ्यायला गेलो होतो. फळीवर चिलमी उलट्या मांडल्या होत्या. सवयीने एक उचलली आणि उजेडाकडे धरून आरपार बघितली. कुंभार हसला. “बघा, बघा,” म्हणाला, “सरळच हाये.”