ॲपमधल्या कॅलरी आणि ताटातलं जेवण

‘एक वाटी मटकीची उसळ’ एवढं ॲपमध्ये लिहिलं की क्षणात उत्तर येतं: कॅलरी इतक्या, प्रथिनं इतकी, तंतुमय पदार्थ इतके. आकडा दशांश चिन्हापर्यंत गेलेला असला की विश्वास आणखी बसतो. पण वाटी कुठली? घरची आमटीची, तुपाची, की मेसमधली उथळ स्टीलची? आणि उसळीच्या फोडणीत तेल किती पडलं? पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला आलेली विशीतली मुलं नीट जेवावीत, म्हणून आज ॲपची मोठी बाजारपेठ उभी आहे. घरातल्या मोठ्यांना ही सगळी थेरं वाटतात, आणि मुलांना वाटतं की खिशात आहारतज्ज्ञ आला. दोन्ही समजुती तपासून पाहायला हव्यात. त्यातही दुसरी जास्त, कारण तिच्यासाठी पैसे मोजले जातात.

‘ॲपमधला आकडा म्हणजे मोजलेला आकडा’

तो मोजलेला नसतो, हिशेबाने काढलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या ऊर्जेवर प्रयोग केले. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं यांच्या दर ग्रॅमला 4 कॅलरी आणि स्निग्ध पदार्थाच्या दर ग्रॅमला 9, हा हिशेब त्याच कामातून आला आणि आजही तोच चालतो. सरासरी म्हणून तो उत्तम आहे, पण एकेका पदार्थाला तो लागू पडेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्ष मोजमाप केलं. मूठभर, म्हणजे 28 ग्रॅम बदामांतून सूत्राप्रमाणे 170च्या आसपास कॅलरी मिळायला हव्या होत्या. शरीराला मिळाल्या 129. बदामाच्या पेशींची भिंत चिवट असते, त्यामुळे आतलं सगळं तेल पचनात बाहेर येतच नाही.

आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून केलेलं हे काम फार मोलाचं आहे. पण त्यात मटकी सापडते, मटकीची उसळ नाही. शिजलेल्या पदार्थाचा आकडा ॲपवाले कुठल्या तरी ठरावीक कृतीवरून काढतात, आणि ती कृती आपल्या आजीची नसते. सगळ्यात मोठी गडबड तेलाची. चहाच्या एका चमचाभर तेलात साधारण 40 कॅलरी, मोठ्या चमच्यात 120. फोडणी कुणाच्या हातची, यावर एका वाटीमागे शंभर-दीडशे कॅलरींचा फरक सहज पडतो. हल्ली ताटाचा फोटो काढला की ॲप पदार्थ ओळखतं. ओळखेलही, पण वांग्याने किती तेल पिऊन घेतलं हे फोटोत कसं दिसणार?

त्यात खाणाऱ्याची भर. ‘आम्ही कमीच खातो, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या काही जणांच्या शरीराचा ऊर्जाखर्च 1992 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजला गेला. त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघालं. खोटं बोलायचा हेतू असेलच असं नाही. चहाबरोबरचा खारी-टोस्ट आणि मित्राच्या ताटातली दोन भजी कुणाच्याच वहीत चढत नाहीत.

म्हणून नोंद करू नये असं नाही. तीच वाटी, तोच चमचा, तीच पद्धत ठेवली तर चूक दररोज साधारण सारखी राहते आणि आठवड्यांमधला फरक विश्वासाने वाचता येतो. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र जीव टाकू नये.

‘ज्याच्यावर आकडा छापलाय, ते जास्त भरवशाचं’

हा गैरसमज कुणी बोलून दाखवत नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. पाकिटावरचा बारकोड स्कॅन केला की दोन सेकंदांत नोंद होते. पिठलं-भाकरीची नोंद करायला पाच मिनिटं लागतात आणि तरीही शंका उरते. हॉटेलांचंही तेच. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर कॅलरी लिहिणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार जुलै 2022 पासून बंधनकारक आहे. म्हणजे साखळी दुकानातल्या बर्गरचा आकडा हाताशी असतो आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतल्या वरण-भाताचा नसतो. आकडा जुळवायचं वेड लागलेला मुलगा मग नकळत बर्गरकडे, प्रोटीन बारकडे, डबाबंद ओट्सकडे वळतो. हिशेब चोख राहतो आणि ताट बिघडतं.

ताट खरंच बिघडतं का? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं. दोन्हींत वाढलेल्या अन्नातली साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतुमय घटक सारखे. खायचं मात्र मनाला येईल तेवढं. अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या काळात माणसं दिवसाला सरासरी 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन जवळपास किलोभर वाढलं. लेबलं सारखी असूनही खाणं सारखं झालं नाही.

हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेतलं 2000 कॅलरींचं ताट पाहावं. दिवसाला भाज्या 400 ग्रॅम, धान्य 250, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस 85, तेल-तूप 27. आता मेसचा डबा आठवा: चार पोळ्या, भात, पातळ वरण, आणि बटाट्यात लपलेली फ्लॉवरची भाजी. इथली उणीव कळायला कॅलरी लागत नाहीत, भाजी किती पडली एवढं बघितलं तरी पुरतं. एखादं ॲप रोज रात्री फक्त ‘आज भाजी किती वेळा खाल्ली?’ एवढंच विचारेल, तर मला ते जास्त शहाणं वाटेल.

‘ॲप घेतलं की सवय लागते’

यावर थेट तरुणांचाच प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने वजन जास्त असलेल्या 18 ते 35 वयाच्या 365 जणांचे तीन गट केले. एकाला खास तयार केलेलं मोबाइल ॲप दिलं, दुसऱ्याला प्रशिक्षकाची साथ आणि स्वतःच्या नोंदी ठेवायला मोबाइल, तिसऱ्याला नुसती माहितीपत्रकं. दोन वर्षांनी ॲपवाल्यांचं वजन सरासरी किलोभर उतरलं होतं, माहितीपत्रकवाल्यांचं जवळपास दीड किलो. प्रशिक्षकवाला गट सहा महिन्यांपर्यंत स्पष्ट पुढे होता, पण दोन वर्षांच्या अखेरीस तिन्ही गटांत ठाम म्हणता येईल असा फरक उरला नाही. हे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी कॅलिफोर्नियात डॉक्टरांकडे येणाऱ्या 212 जणांवर एका लोकप्रिय कॅलरी-ॲपची चाचणी झाली. सहा महिन्यांनी फरक नाही, आणि बहुतेकांनी पहिल्या महिन्यानंतर ॲप उघडणंच जवळपास सोडलेलं.

याउलट 2008 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 1700 जणांच्या अभ्यासात रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं होतं. कागदावर नोंद चालते, मग ॲप का हरतं? माझा अंदाज असा की त्या अभ्यासातले लोक दर आठवड्याला एका गटात भेटत. वही कुणीतरी बघणार होतं. मोबाइलमधलं ॲप बघतं, पण विचारत नाही. आणि विचारलंच तर नोटिफिकेशन बाजूला सारायला अंगठा पुरतो. शिवाय त्याच मोबाइलमध्ये रात्री अकरा वाजता बिर्याणीवर निम्मी सूट देणारं दुसरं ॲपही असतं आणि त्याची भाषा कितीतरी लाघवी असते. फ्लॅटमधल्या तिघांनी मिळून कुकर आणि आठवड्याचा बाजार ठरवून घेतला, तर ते या लढाईत जास्त टिकाव धरतील असं मला वाटतं.

‘घड्याळाने 400 जाळल्या म्हटलं, म्हणजे एक वडापाव हक्काचा’

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणं 60 जणांवर तपासली. नाडीचे ठोके सहा उपकरणांनी चांगले मोजले. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यांत बरं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, आणि सगळ्यांत वाईट 93 टक्के. रोजच्या 10,000 पावलांचं लक्ष्यसुद्धा 1965 साली जपानच्या यामासा कंपनीने विकलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर रूढ झालं; ते कुठल्या वैद्यकीय चाचणीतून ठरलेलं नाही. चालणं चांगलंच. वडापावही खावासा वाटला तर खावा, पण घड्याळाकडे परवानगी मागून नको.

‘बीएमआय हिरव्या पट्ट्यात आहे, मग काळजी कसली’

याचं उत्तर पुण्यातूनच आलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा: 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि मधुमेह आपल्याकडे लवकर का गाठतो याचा एक धागा इथे आहे. भारतीयांसाठी 23 पासूनच वजन जास्त धरतात. परदेशी बनावटीची ॲप्स अनेकदा 25 पर्यंत शाबासकी देतात. शिंप्याची टेप काढून पोट मोजावं. पुरुषांचं 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचं 80 च्या वर गेलं असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, रक्तातली साखर तपासून घ्यावी.

‘मोजल्याने कुणाचं काय बिघडतं?’

काहींचं बिघडतं. खाण्याशी संबंधित मानसिक आजाराचं निदान झालेल्या 105 जणांना 2017 च्या एका अभ्यासात विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जण कॅलरी-ॲप वापरत असल्याचं कळलं, आणि त्यातल्या 73 टक्क्यांना आपल्या आजाराला त्या ॲपने हातभार लावला असं वाटत होतं. ॲपमुळेच आजार झाला, असं यावरून सिद्ध होत नाही. पण मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं टाळू लागली, कारण केकची नोंद कशी करायची कळत नाही, किंवा मुलगा आकडा ओलांडला म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू लागला, तर ॲप काढून टाकावं आणि डॉक्टरांशी बोलावं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे.

राहिला माहितीचा प्रश्न. 2018 मध्ये एका बड्या कॅलरी-ॲपची सुमारे 15 कोटी खाती फुटली होती. नावं, ईमेल आणि पासवर्डच्या सांकेतिक नोंदी चोरीला गेल्या. तेव्हा बँकेचा पासवर्ड इथे वापरू नये, आणि उसळीची नोंद करणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क आणि ठिकाण पाहायची परवानगी मागितली, तर नाही म्हणावं.