संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग

ज्या व्याधींविषयी घरात उघडपणे बोलले जात नाही, त्यांत स्तनाच्या कर्करोगाची गणना होते. दैवाला बोल न लावता त्याची कारणे समजून घ्यावीत, या हेतूने आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांना हा रोग ख्रिस्ती जोगिणींमध्ये विशेष आढळला. पुढे १८९६ मध्ये ग्लासगोचे शस्त्रवैद्य जॉर्ज बीटसन यांनी, स्त्रीचे बीजकोश काढल्यावर स्तनातील गाठ ओसरल्याचे प्रसिद्ध केले. बीजकोशांतून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजेच हॉर्मोन, अशा गाठींस पोसते, हे कालांतराने सिद्ध झाले.

इस्ट्रोजेनमुळे स्तनातील पेशींचे विभाजन होते. विभाजने जितकी अधिक, तितका चुकीस वाव अधिक. रोजकीर्दीत नोंदी वाढल्या की चुकीचा संभवही वाढतो, हे आम्हां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. म्हणूनच पाळी लवकर सुरू झाल्यास वा उशिरा थांबल्यास धोका काहीसा वाढतो; अपत्यजन्म व दीर्घकाळचे स्तनपान यांमुळे तो घटतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीस देशांतील माहितीच्या अभ्यासात स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४ टक्के कमी आढळला.

पाळी थांबल्यावरही इस्ट्रोजेन संपत नाही; ते मुख्यतः शरीरातील चरबीत तयार होते. यास्तव उतारवयातील स्थूलता धोक्यात भर घालते. संप्रेरकांच्या गोळ्यांचेही तसेच. अमेरिकेत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा मोठा प्रयोग २००२ मध्ये थांबवावा लागला. गोळ्या न घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांत वर्षाकाठी ३० जणींना हा रोग झाला, तर घेणाऱ्यांत ३८ जणींना. फरक लहान आहे. तथापि अशा गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

धोका म्हणजे प्राक्तन नव्हे. यांपैकी एकही कारण नसताना रोग होतो आणि सर्व कारणे असूनही होत नाही. म्हणून रुग्ण स्त्रीस दोष देणे अन्यायाचे होय. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून केलेल्या पाहणीत, प्रशिक्षित स्त्रियांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केल्यामुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते. माता-भगिनींनी संकोच सोडून ती वेळीच दाखवावी, आणि कर्त्या पुरुषांनी त्यासाठी दुकानातून सवड काढावी, एवढीच आमची विनंती आहे.