उचलीच्या वहीतलं नाव

मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरून भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्यांपैकी बहुतेकजण चैत्यगृह पाहून परततात. थोडं पुढे एक विहार आहे. त्याच्या ओसरीत हत्तीवर बसलेल्या देवाचं मोठं शिल्प आहे. तो इंद्र मानला जातो. हत्तीने सोंडेत उपटलेलं झाड धरलंय. त्याच पटात एक बाई तबल्यासारख्या वाद्यावर थाप देते आहे आणि दुसरी नाचते आहे. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरली गेली, म्हणजे मावळात बाईच्या नाचाचा दगडी पुरावा दोन हजार वर्षांहून जुना. समोरच्या डोंगरात कार्ल्याच्या चैत्यावर दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराची नोंद आहे, दान देणाऱ्या गंध्याचीही आहे. भाज्याच्या नर्तकीबद्दल मात्र एक अक्षर नाही.

आजही मावळात चैत्र लागला की नाच लागतोच. वडगावचे पोटोबा, तळेगावचे डोळसनाथ आणि वाड्यावस्त्यांवरचे भैरवनाथ यांच्या जत्रा सुरू होतात. दिवसा बैलगाड्यांच्या शर्यती आणि कुस्त्या, रात्री तमाशा. त्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या गावांचे कारभारी पिढ्यान् पिढ्या नारायणगावची वाट धरत आले. तिथे हंगामात फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीत बसून तारीख, बिदागी आणि कोणता वग लावायचा हे ठरतं, इसार दिला जातो आणि सुपारी पक्की होते. राहुटीबाहेर फलक असतो आणि त्यावर फडमालकाचं नाव.

ते नाव आपलं असावं, ही नाचणाऱ्या बाईची सगळ्यांत मोठी महत्त्वाकांक्षा. तिला टाळ्या आणि पारितोषिकं नको असतात असं नाही. पण चाळ बांधून दुसऱ्याच्या फडात उभं राहणं वेगळं आणि स्वतःचा तंबू, ट्रक, ढोलकीवाला, सोंगाड्या असणं वेगळं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी हे करून दाखवलं. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाईंनी वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडाचा वारसा स्वतःच्या नावाने चालवला, आणि जातीचं नाव न लपवता ते फलकावर ठेवलं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही आपला फड उभा केला. वाईच्या यमुनाबाई लहानपणी आईबरोबर रस्त्यावर नाचून पोट भरत. पुढे त्यांची स्वतःची संगीत बारी झाली, १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत आजही संगीत बारीच्या पार्ट्या मालकिणींच्या नावाने ओळखल्या जातात.

विठाबाईंची एक हकिगत भाषणांत हमखास सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या, त्या पडद्यामागे गेल्या, बाळ झालं, दगडाने नाळ तोडली आणि लुगडं सावरून पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. वक्ते हे कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. विठाबाईंच्या धैर्यापुढे मीही नतमस्तक आहे, पण मला त्यात आधी दिसते ती बाळंतपणाच्या आदल्या घटकेपर्यंत कामावर असलेली मजूर स्त्री. प्रसूती लाभाच्या १९६१ च्या कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि घोडेस्वारी, कसरती व इतर खेळ करणाऱ्या आस्थापनाही त्यात घेतल्या गेल्या. कागदावर कायदा तंबूच्या दारापर्यंत आला होता. आत मात्र चालत आली ती उचल.

उचल म्हणजे हंगामाआधी मालकाकडून घेतलेली रक्कम. दसऱ्याला फड बाहेर पडतो, वैशाखाअखेर परततो. पावसाळ्यात खेळ नाही. घराची डागडुजी, मुलांच्या फिया, म्हाताऱ्या आईचं औषध, सगळं उचलीतून. ती फेडायला पुढचा हंगाम बांधलेला. मालकही सावकाराच्या व्याजात असतो, त्यामुळे मालकीण झालेली बाई सुटते असंही नाही. तिचं ओझं फक्त मोठं होतं. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत चैत्रातल्या जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा उचल घेतलेल्या आणि दिलेल्या अशा दोन्ही बाजू एकदमच बुडाल्या.

सरकारला या बायका आठवतात त्या बहुधा नीतीचा प्रश्न म्हणून. बाळासाहेब खेरांच्या काळात तमाशावर बंदी आली होती. २००५ साली डान्स बारवर आली. त्या वादाला तोंड फुटलं ते खंडाळ्याच्या घाटाखालच्या रायगड जिल्ह्यातून. त्या बंदीत तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं वगळली होती. तोच नाच महागड्या दिवाणखान्यात चालेल आणि साध्या बारमध्ये चालणार नाही, हा भेद मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. पोट भरण्याचा हक्क मान्य झाला. पण मधली आठ वर्षं कोण भरून देणार? बारमध्ये बहुतेकींनी दुसरीच नावं घेतलेली, खरी नावं दडवलेली. पुनर्वसन करायचं म्हटलं तरी कोणाचं, हे सांगणारा कागद नव्हता.

घाट चढून लोणावळ्यात आलं की हीच गोष्ट बंगल्यांत दिसते. भाड्याच्या बंगल्यावर पार्टी, नाचायला आणलेल्या मुली, मध्यरात्री छापा, दुसऱ्या दिवशी बातमी. बातमीत मुलींची संख्या येते, ठरलेली मजुरी बुडाली का हे येत नाही. द्रुतगती मार्गाने मावळातल्या जमिनींना सोन्याचा भाव आणला, गुंठामंत्री झाले, वाढदिवसालाही नाच हवा झाला. गौतमी पाटीलसारख्या नर्तकींचे कार्यक्रम २०२२ पासून गाजू लागले तेव्हा जत्रेत तमाशाऐवजी त्यांनाच बोलावण्यावरून वादंग झालं. धुळे जिल्ह्यातून आलेली एक मुलगी स्वतःच्या नावावर सुपारी घेते, याचा मला आनंदच वाटतो. चिंता वाटते ती तिच्या मागच्या रांगेत नाचणाऱ्यांची, आणि तंबूत राहिलेल्या ढोलकीवाल्याची.

ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारी मानधन योजना आहे. २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये झालं. पण त्यासाठी कला क्षेत्रात किती वर्षं काम केलं ते दाखवावं लागतं. पुरस्कारप्राप्त कलावतीकडे मानपत्रं असतात. मागच्या रांगेत वीस-पंचवीस वर्षं चाळ बांधून उभी राहिलेली बाई काय दाखवणार? तिला हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक नाही. मालकाच्या उचलीच्या वहीत मात्र तिची सालोसाल नोंद असते: नाव, रक्कम, फेड, बाकी. सांस्कृतिक कार्य विभागाने ही वही सेवेचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावी, आणि हंगामाच्या सुरुवातीला नारायणगावच्या राहुट्यांत बसून तिच्या नकला उतरवून घ्याव्यात. मालक नाखूश होतील, कारण वहीत व्याजही आहे. ते व्याजही एकदा सरकारने वाचावं.