नेम कशावर धरायचा?

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलुंडच्या एका शाळेत दहावीच्या मुलांशी गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. मुलांनी स्पर्धा टीव्हीवर पाहिली होती. एकाने विचारले, "त्याच्या रायफलीवर दुर्बीण का नव्हती? सिनेमात तर असते!" मागच्या बाकावरच्या एका मुलीचा प्रश्न वेगळा होता. ती एनसीसीत होती. नेमबाजीसाठी नाव द्यायचे तिच्या मनात होते, पण मैत्रिणींनी तिला सांगितले होते, "तुला चष्मा आहे, तुला कसं जमेल?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रकाशाच्या धड्यात आहेत. शिवाय ती शोधताना वर्गात रायफल आणायची मुळीच गरज नाही. एक पोस्टकार्ड, एक टाचणी आणि एक मीटरपट्टी पुरे.

न दिसणारा दहा

स्वप्नीलच्या हातात होती ती ०.२२ ची रायफल. तिच्या नळीचा व्यास ०.२२ इंच, म्हणजे सुमारे ५.६ मिमी असतो. तिच्या काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि चाप ओढला की पिन त्या कडेवर आपटते. म्हणून या काडतुसाला रिमफायर म्हणतात. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि धक्का कमी, म्हणून शिकणाऱ्याला ही रायफल सोयीची. एनसीसीच्या छात्रांच्या हातातही पहिल्यांदा ०.२२ चीच रायफल येते.

आता लक्ष्य पाहू. ५० मीटरवरच्या लक्ष्याचा काळा भाग ११२.४ मिमी व्यासाचा असतो. त्याच्या मध्यावर दहा गुणांचे वर्तुळ असते अवघ्या १०.४ मिमीचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. ५० मीटरवरून हे बटण आपल्या डोळ्याशी किती कोन करील? १०.४ मिमीला ५०,००० मिमीने भागा. उत्तर येते सुमारे ०.०००२ रेडियन, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचाही (एका मिनिटाचाही) पाऊण हिस्सा. निरोगी डोळ्याला शेजारशेजारच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला त्यांच्यात साधारण एका मिनिटाचा कोन लागतो. म्हणजे दहाचे वर्तुळ नेमबाजाला दिसतच नाही!

करून पहा. पांढऱ्या कागदावर १ मिमीचे दोन काळे ठिपके काढा. त्यांच्या मध्यांमधले अंतर २ मिमी ठेवा. कागद शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला लावा आणि १० मीटरवर उभे राहा. ठिपके एक दिसतात की दोन? आता हळूहळू जवळ या. दोन दिसू लागले की थांबा आणि अंतर मोजा. प्रत्येक मुलाचे अंतर फळ्यावर लिहा. हे कोष्टक पुढे उपयोगी पडणार आहे.

तीन वस्तू, एक भिंग

मग न दिसणाऱ्या दहावर गोळी लागते कशी? त्यासाठी रायफलीवर दोन खुणा असतात. नळीच्या टोकाला पुढची माशी आणि डोळ्याच्या बाजूला मागची साइट. मागची साइट, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणले की नेम धरला असे आपण म्हणतो.

अडचण अशी की या तीन वस्तू तीन वेगळ्या अंतरांवर आहेत. डोळ्याच्या भिंगाला एका वेळी एकाच अंतराची स्पष्ट प्रतिमा दृष्टिपटलावर पाडता येते. हात लांब करून पेन्सिल धरा आणि समोरच्या इमारतीची खिडकी पहा. पेन्सिल पुसट होते. पेन्सिल पहा, खिडकी पुसट होते. साध्या रायफलीवर मागे नुसती खाच असते. तिथे नवशिक्याचा डोळा खाच, माशी, लक्ष्य, पुन्हा खाच अशा फेऱ्या मारत राहतो आणि थकतो.

यांपैकी कुठल्या चुकीची किंमत जास्त पडते? मागची साइट आणि माशी यांच्यात ७५ सेंमी अंतर आहे असे धरू. समरूप त्रिकोणांवरून पहा. माशी मध्यापासून फक्त ०.१ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीइतकी, बाजूला राहिली, तर ५० मीटरवर ही चूक सुमारे ६७ पट होऊन ६.७ मिमी होते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ५.२ मिमी आहे, हे आठवा. दोन साइटमधले अंतर ४५ सेंमीच असेल, तर तीच चूक ११ मिमीवर जाते. म्हणून निवडीचा पहिला नियम: दोन साइटमधले अंतर जेवढे जास्त तेवढे बरे.

आणि लक्ष्य पुसट दिसले तर? पुसट झालेल्या गोल चकतीचाही मध्य तिथेच राहतो. म्हणूनच प्रशिक्षक एकसारखे सांगत असतात, "नजर माशीवर ठेव."

छिद्राची करामत

खाचेऐवजी मागे बारीक छिद्र असलेली चकती बसवली, की दोन गोष्टी साधतात. यालाच पीप साइट म्हणतात.

पहिली गोष्ट, छिद्र आपण पाहत नाही, छिद्रातून पाहतो. मधोमध पाहण्याची डोळ्याची सवय स्वाभाविक आहे. त्यामुळे तीन वस्तूंपैकी एक यादीतून गेली.

दुसरी गोष्ट भौतिकीची. पुसटपणा येतो, कारण बिंदूपासून निघालेले किरण बाहुलीच्या साऱ्या रुंदीतून आत शिरतात आणि दृष्टिपटलावर बिंदूऐवजी चकती उमटते. उजेड बेताचा असताना बाहुली सुमारे ४ मिमीची असते. तिच्यापुढे १.२ मिमीचे छिद्र धरले, तर ही पुसट चकती ४ ला १.२ या प्रमाणात लहान होते. माशी आणि लक्ष्य दोन्ही पुरेशी रेखीव दिसू लागतात.

पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडून पहा. वर्तमानपत्र डोळ्यापासून १० सेंमीवर धरले तर अक्षरे विरघळतात. तेच भोकातून वाचा, अक्षरे उभी राहतात. (भोकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये.)

मग भोक आणखी बारीक का नको? दोन कारणे. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४ मिमीवरून १.२ मिमीवर येतानाच तो अकराव्या हिश्श्यावर आलेला असतो. दुसरे म्हणजे छिद्र फार बारीक झाले की विवर्तनामुळे किरण पसरतात आणि प्रतिमा पुन्हा पुसट होते. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रात हा पसारा साडेचार मिनिटांवर जातो. म्हणून छिद्र एक ते दीड मिमीच्या आसपास ठेवतात. मुंबईच्या पावसाळी अंधारात ते थोडे मोठे करावे लागते. छिद्र लहानमोठे करता येणारी साइट त्यासाठीच घ्यायची.

पुढच्या माशीच्या जागी कडी बसवता येते. काळे लक्ष्य कडीत आणि कडी छिद्रात असे एकात एक गोल दिसतात. बाहेरच्या गोलात आतला गोल थोडा जरी सरकला तरी भोवतीची पांढरी पट्टी एका बाजूला बारीक होते आणि डोळ्याला ते चटकन कळते. नवशिके बहुधा फार घट्ट कडी निवडतात. डोळ्यापासून एक मीटरवर धरलेल्या कडीत ५० मीटरवरचे ११२.४ मिमीचे लक्ष्य सव्वादोन मिमीचे दिसेल. कडी अडीच मिमीची घेतली, तर पांढरी पट्टी उरतच नाही. साडेतीन मिमी किंवा त्याहून थोडी मोठी कडी सुरुवातीला चांगली.

मग दुर्बीण का नको?

पहिल्या मुलाला साधे उत्तर असे, की ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण बसवायला परवानगी नाही. पण नुसत्या छंदासाठी नेम मारणाऱ्यानेही सुरुवात दुर्बिणीने का करू नये, हे समजून घ्यायला हवे.

दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि फुलीच्या तारा एकाच प्रतलात येतात. डोळ्याला एकदाच स्थिरावे लागते. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झालेल्यांना हा मोठाच फायदा. पण चार पट मोठे दिसणारे लक्ष्य हाताची थरथरही चार पट मोठी दाखवते. थरथर तेवढीच असते, फक्त दिसते जास्त. मग फुली मध्यावरून जाताना घाईने चाप ओढायचा मोह होतो, आणि तो झटकाच गोळी बाजूला नेतो.

दुसरी अडचण पराशयाची. धावत्या लोकलमधून जवळचे खांब दूरच्या इमारतींवरून सरकताना दिसतात, तसा हा प्रकार. लक्ष्याची प्रतिमा तारांच्या प्रतलात नेमकी पडली नाही, तर डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर अंतरासाठी जुळवलेल्या असतात. ३२ मिमी भिंगाची अशी दुर्बीण ५० मीटरवर वापरली, तर डोळा अगदी कडेला गेल्यास सुमारे ७ मिमी चूक होऊ शकते. म्हणून ०.२२ साठी दुर्बीण घ्यायचीच, तर ५० यार्डांच्या आसपास जुळवलेली किंवा अंतर जुळवता येणारी घ्यावी, आणि चार पटीच्या पुढे जाऊ नये. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये चूक कमी वाटते, पण दोन मिनिटांचा ठिपका ५० मीटरवर २९ मिमी जागा झाकतो, दहाच्या जवळजवळ तिप्पट.

तेव्हा चांगली साइट कोणती? लक्ष्य मोठे दाखवणारी नव्हे. दर वेळी तीच जुळणी पुन्हा साधू देणारी ती चांगली. बाकीचे काम स्क्रू करतात. गोळी ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते. तेवढ्यात ती १२ सेंमी खाली येते, म्हणजे काळ्या भागाच्या त्रिज्येच्या दुप्पट. मागची साइट वर उचलून ही भरपाई करतात. गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दोन कडी (१६ मिमी) डावीकडे पडत असतील, तर मागची साइट किती आणि कुठे सरकवायची? सूत्र तेच: १६ भागिले ६७, म्हणजे ०.२४ मिमी, उजवीकडे. गोळ्या जिकडे न्यायच्या, तिकडे मागची साइट न्यायची. पण गोळ्या विखुरलेल्या असतील तर स्क्रूला हात लावू नये. चूक साइटची नाही.

रायफलीविना नेम

हा प्रयोग मुलांना फार आवडतो. लाकडी मीटरपट्टी बाकावर पक्की बांधा. मागच्या टोकाला टाचणीचे भोक पाडलेले कार्ड उभे करा. पुढच्या टोकाला कागदी पंचने भोक पाडलेले कार्ड लावा. हे भोक साडेपाच-सहा मिमीचे असते. १० मीटरवर भिंतीला कोरा कागद चिकटवा. एका मुलाने ३५ मिमीची काळी चकती कागदावर सरकवायची, दुसऱ्याने पट्टीला हात न लावता भोकातून पाहून "वर, डावीकडे, थांब" असे सांगायचे. चकतीच्या मध्यातून पेन्सिलीने खूण करा. असे तीन वेळा. तीन खुणांचा त्रिकोण जेवढा लहान, तेवढी जुळणी चांगली. आता मागचे कार्ड काढून पट्टीच्या टोकाजवळून नुसत्या डोळ्याने तेच करा आणि त्रिकोणांची तुलना करा. मघाचे ठिपक्यांचे कोष्टकही शेजारी ठेवा. सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या मुलाचाच त्रिकोण सर्वांत लहान येतो का, ते पहा.

प्रत्यक्ष नेमबाजीची वाट शिस्तीची आहे. ०.२२ च्या रायफलीला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो आणि ती मान्यताप्राप्त रेंजवरच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवायची असते. उपनगरातल्या मुलांना जवळची वाट शाळा-कॉलेजातल्या एनसीसीची, किंवा १० मीटरच्या एअर रायफलीची. तिच्यावरही अशीच छिद्राची साइट असते, आणि तिथला दहा तर अर्ध्या मिलिमीटरचा! २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या एअर रायफल अंतिम फेरीत पोहोचलेली मुंबईची अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आली.

आता मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एअर रायफलचे कांस्यपदक जिंकणारा गगन नारंग चष्मा लावतो. लांबचे न दिसणाऱ्याचा चष्मा प्रतिमा दृष्टिपटलावर आणतो, उरलेला पुसटपणा छिद्र कमी करते. काळजी एकच घ्यायची. रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकला की आपण भिंगाच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून पाहू लागतो, आणि तिथून नेम सरकलेला दिसू शकतो. म्हणून नजर भिंगाच्या मध्यातून जाईल अशी चौकट नेमबाज वापरतात. तिला आम्ही सांगितले, नाव दे.

त्या तासाला आणखी एक गोष्ट घडली. ठिपक्यांच्या प्रयोगात एक मुलगा अगदी चार मीटरपर्यंत जवळ आला, तेव्हा त्याला दोन ठिपके दिसले. टाचणीच्या भोकातून मात्र त्याला फळ्यावरची अक्षरे मागच्या बाकावरून वाचता आली. अंधुक दिसणाऱ्याला भोकातून स्पष्ट दिसू लागले, तर त्याला बहुधा चष्म्याची गरज असते. नेत्रतज्ज्ञही हीच चाचणी वापरतात. हा मुलगा दहावीपर्यंत फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता आणि "लक्ष नसते" असा शेरा मिळवत होता. तुमच्या वर्गातही असा कोणी असेल. एक पोस्टकार्ड आणि टाचणी टेबलाच्या खणात ठेवा.