हाताची थरथर आणि अजिंठ्याचा अंधार

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहिले की छायाचित्रकाराची कसोटी लागते. दीड हजार वर्षांचे रंग जपायचे म्हणून फ्लॅशला बंदी आणि उजेड जेमतेम!

एसएलआर कॅमेऱ्यासाठी हाताचे कंपन रोखणारी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली, ती ७५-३०० मिलिमीटरची, दूरचे टिपणारी. साहजिकच 'वाइड अँगलला हे चोचले कशाला?' असे मीही म्हणत असे. २४ मिलिमीटरला हातात १/२५ सेकंद चालतो, हा आमचा जुना हिशेब. लेण्यात मात्र तेवढ्याने भागेना. कंपनरोधक लेन्स लावून श्वास रोखून १/३ सेकंद धरला. आयएसओ ३२०० वरून ४०० वर उतरला. दाणे गेले, पद्मपाणीच्या भुवईची रेघ शाबूत आली. शेजारून सरकलेला प्रवासी तेवढा पुसट झाला. लेन्स आपला हात सावरते, दुसऱ्याचे पाय थांबवत नाही. भिंतीवरच्या चित्राला एवढेच पुरते.