गॅलरीतील दवणा : बियाणे ताजे, पेरणी कार्तिकात, पाणी बेताचे

चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा, गजऱ्यात माळला जाणारा दवणा हे सूर्यफुलाच्या कुळातील सुगंधी झुडूप आहे. शास्त्रीय नाव आर्टेमिसिया पॅलेन्स. राखाडी हिरवी, बारीक चिरलेली पाने आणि बारीक पिवळी फुले ही त्याची ओळख. पाने व फुले दोन्ही सुगंधी असतात. त्यांच्यापासून मिळणाऱ्या तेलातील मुख्य घटक डॅव्हानोन असून, अत्तर उद्योगात या तेलाला मागणी असते.

कोथरूडसारख्या भागात सोसायटीच्या गॅलरीतही दवणा चांगला येतो. तरी अनेकांचा पहिला प्रयत्न फसतो. त्याची कारणे बहुधा तीनच असतात : जुने बियाणे, चुकीचा हंगाम आणि जास्त पाणी.

हंगाम

दवणा हे हिवाळी, एका हंगामाचे पीक आहे. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा पेरणीचा मुख्य काळ. पेरणीपासून साधारण 110 ते 115 दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीअखेर, झाड फुलावर येते. चैत्र पौर्णिमा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येते. त्या वेळी हिरवा दवणा हवा असल्यास सर्व बी एकदम पेरू नये. 15 ते 20 दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्पे करावेत, शेवटचा टप्पा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावा.

बी धरल्यानंतर झाड वाळते. ते मेले म्हणून खत-पाणी वाढवू नये, हा त्याचा नैसर्गिक शेवट आहे.

जागा

डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणमुखी गॅलरीत ऊन आतपर्यंत येते आणि दवण्याला हीच जागा उत्तम. उत्तरेकडील गॅलरीत या काळात थेट ऊन मिळत नाही. तेथे रोपे उंच, बारीक वाढून लोळतात. अशा घरांनी कुंड्या गच्चीवर ठेवाव्यात. मार्चपासून मात्र दुपारच्या उन्हात थोडी सावली करावी.

बियाणे व रोपे

- दवण्याच्या बियाण्याची उगवणक्षमता झपाट्याने घटते. मागील हंगामाचेच बी घ्यावे. त्याहून जुने बी वापरू नये.
- बी 48 तास पाण्यात भिजवावे. नंतर निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. कोंब दिसू लागताच बारीक वाळूत मिसळून पेरावे.
- ट्रेमध्ये कोकोपीट व चाळलेले गांडूळ खत समप्रमाणात भरावे. बी अतिशय बारीक असल्याने वरून चाळलेल्या खताचा अगदी पातळ थर पुरेसा होतो.
- झारीची धार बी वाहून नेते. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्यावी.
- चार ते पाच आठवड्यांनी रोपे कुंडीत लावावीत. 10 इंची कुंडीत 3 ते 4 रोपे पुरतात.

माती व पाणी

बांधकामाजवळची चिकट काळी माती एकटी वापरू नये. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घ्यावे. कुंडीच्या तळाला छिद्रे असावीत व खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

रोज ठरावीक तांब्याभर पाणी देण्याची सवय दवण्याला मानवत नाही. बोट पेरभर मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच सकाळी पाणी द्यावे. लावणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी प्रत्येक कुंडीत मूठभर गांडूळ खत द्यावे. नत्र जास्त झाल्यास झाड माजते आणि फुलोरा लांबतो.

पीक संरक्षण

रोपमर हा रोपावस्थेतील मुख्य धोका. रोपे बुंध्याशी काळी पडून आडवी होतात. दाट पेरणी टाळावी व माध्यमात पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा मिसळावा. मावा दिसल्यास पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवावा. प्रादुर्भाव राहिल्यास 5 मिलि निंबोळी तेल प्रतिलिटर पाण्यात थोड्या साबणासह मिसळून सायंकाळी फवारावे. फुले उमलत असताना अवकाळी पावसापासून कुंड्या आडोशाला घ्याव्यात, कारण पावसात भिजल्याने सुगंधाची प्रत घटते.

काढणी व बियाणे

बहुतेक फुले उमलल्यावर, सकाळी दव उडाल्यानंतर फांद्या कापाव्यात. सावलीत वाळवलेल्या जुड्यांचा सुगंध बराच टिकतो. एक-दोन जोमदार झाडे न कापता बियांसाठी राखावीत. बी पक्व झाल्यावर सावलीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवावे आणि येत्या कार्तिकातच पेरावे.

रोपवाटिकाधारकांसाठी

शहरी ग्राहकाला बी उगवून आणणे हाच सर्वांत अवघड टप्पा वाटतो. मुळशी, हवेली परिसरातील रोपवाटिकाधारकांनी नोव्हेंबरमध्ये ट्रेमध्ये रोपे करून डिसेंबरमध्ये कुंडीसह द्यावीत. सोबत पाण्याची सूचना व झाड एका हंगामाचेच असल्याची माहिती लिहून दिल्यास ग्राहकाची निराशा टळते. सुरुवात मोजक्या ट्रेपासून करावी, मागणी पाहून पुढील वर्षी वाढ करावी.