राणीचा मुखडा, पवारांची पाती

रोमन चांदीच्या दिनारियसचा नाद मला फार जुना. तिबेरियसचे नाणे घ्या. एका बाजूला सम्राटाचा मुखडा आणि तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याची द्वाही. दुसऱ्या बाजूला आसनस्थ स्त्री आणि भोवती सम्राटाचीच मुख्य पुरोहित ही पदवी. सत्ता आणि देवत्व एकाच चकतीत. माळव्यातल्या मराठ्यांनी ही सांगड कशी घातली, हे शोधता शोधता मी धार-देवासला पोचलो.

उत्तम नमुना अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरी रुपयावर आहे. फारसी मजकुरात मोगल बादशहा शाह आलमचे नाव, सोबत शिवलिंग आणि बेलाचे पान. 1788 मध्ये गुलाम कादिरने या बादशहाचे डोळे काढले, तरी त्याचे नाव नाण्यांवर चालतच राहिले. नाव दिल्लीचे, खूण महादेवाची, कारभार बाईंचा. रोमन सम्राट स्वतःच देवांच्या पंगतीत जाऊन बसला; त्यापेक्षा ही तडजोड मला अधिक शहाणपणाची वाटते.

इंग्रजी अमलात ही तडजोड मोडली. 1876 च्या कायद्याने संस्थानांना आपली नाणी सरकारी टांकसाळीत पाडून घेण्याची मुभा दिली. अट अशी, की घरची टांकसाळ बंद ठेवायची. अलवार आणि बिकानेरने चांदीचे रुपये पाडून घेतले, धार आणि देवासच्या पवारांनी तांब्यावर भागवले. 1857 च्या बंडानंतर जप्त झालेले आणि 1860 मध्ये परत मिळालेले धार 1887 च्या नाण्यांवर राणी व्हिक्टोरियाचा मुखडा मिरवते. त्याच साली तिच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. गादीवर आनंदराव तिसरे होते, पण नाण्यावर त्यांचे नाव नाही.

खरी गंमत देवासची. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांपासून एकाच गावात दोन पात्या, दोन गाद्या, दोन दरबार. 1818 चा तह इंग्रजांनी दोघांशी मिळून एकच केला. टेकडीवर देवीही दोन, मोठी तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. नाण्यावर मात्र दोघींपैकी एकीलाही जागा नाही. 1888 चा पाव आणा हातात घ्या. पुढे ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ आणि राणीचा मुखडा. मागे किंमत, साल, ‘देवास स्टेट’ आणि दोन इंग्रजी अक्षरे: थोरल्या पातीच्या नाण्यावर ‘एस. बी.’ (सीनियर ब्रँच), धाकट्या पातीच्या नाण्यावर ‘जे. बी.’ (ज्युनियर ब्रँच). तेव्हा गादीवर असलेले कृष्णाजीराव आणि नारायणराव, दोघांचीही नावे गायब. देव गेला, राजा गेला. भाऊबंदकी तेवढी ठशात उरली.

संग्राहक चांदीमागे धावतात आणि हे तांबे किरकोळीत काढतात. ते चूक आहे. मांडलिकपण आणि वाटणी एकाच पाव आण्यावर दाखवणारा असा पुरावा दुसरीकडे सहज सापडत नाही. आजोळच्या डब्यात असे नाणे निघालेच, तर चिंच लावून घासू नका. आधी ती दोन अक्षरे वाचा.